बासनातला जीव: पुस्तकासारखे कल्पित प्राणी कसे घडवायचे

जुन्या पोथीचं शेवटचं पान उलटलं, की मूळ ग्रंथ संपल्यावर लेखकूने स्वतःहून जोडलेला एक श्लोक बऱ्याचदा भेटतो:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पुस्तक म्हणतं. ‘पुस्तक म्हणतं’ इथे जरा थांबा. नकला करून बोटं दुखलेल्या कुणा लेखकूने पुस्तकाला तोंड दिलं, तीन भीती दिल्या आणि कुणाच्या हाती जायचं नाही हा हट्टही दिला. सजीवाची अर्धी कुंडली या दोन ओळींत मांडून झाली आहे.

कल्पनारम्य कथेसाठी, चित्रमालिकेसाठी किंवा मुलांना रात्री सांगायच्या गोष्टीसाठी ‘जिवंत पुस्तक’ घडवायला बसलं, की पहिला विचार पुठ्ठ्याला डोळे आणि पानांना दात लावण्याचा येतो. तो सोडून द्या. तसा प्राणी म्हणजे पुस्तकाचं कातडं पांघरलेला कुत्रा. पुस्तक खऱ्या जगात कसं जन्मतं, कशाने आजारी पडतं, कुणाच्या हातात खुलतं आणि कसं मरतं, यातून प्राणी उभा राहिला पाहिजे. या लेखात पायरीपायरीने असा एक प्राणी घडवू. त्याचं नाव मी ‘बासनी’ ठेवलं आहे. पोथी ज्या लाल कापडात बांधतात त्या बासनावरून हे नाव आलं. हडळ, जखीण, बासनी अशी हाक मारून बघा. माळ्यावर काहीतरी हललं असं कुणीही सांगू शकेल.

पहिली पायरी: पुस्तक कोणतं?

‘पुस्तक’ म्हटल्याने काहीच ठरत नाही. ताडपत्राच्या पोथीला मधून भोक पाडून दोरी ओवलेली असते. कागदी पोथीची पानं सुटी, आडवी, वर-खाली लाकडी फळ्या. शिवलेल्या, पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकाला पाठ असते. व्यापाऱ्याची चोपडी लांबट असते आणि तिच्यात फक्त देणं-घेणं असतं. यातला प्रत्येक प्रकार वेगळा चालेल, वेगळा झोपेल.

सगळ्यात महत्त्वाचा फरक कण्याचा. शिवलेल्या पुस्तकाला कणा आहे, पोथीला नाही. म्हणजे पोथीचा प्राणी अपृष्ठवंशीय. तो उडी मारणार नाही, मान वळवणार नाही. त्याची पानं एकमेकांवरून सरकतील, पावसाळ्यात अंगणात दिसणाऱ्या वाणी किड्यासारखा तो लाटेलाटेने पुढे जाईल. त्याला एकसंध ठेवते ती बांधणीची दोरी. दोरी सैल झाली की पान गळतं, आणि पान गळलं की तेवढी आठवण गेली. ‘शिथिलबन्धनात्’ या एका शब्दात हा अख्खा आजार आहे.

दिवाळी अंकांचा प्राणी करायचा असेल तर तो एकटा राहणार नाही, थवा करेल. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे अंक दरवर्षी ठरावीक हंगामात येतात, घराघरांत उतरतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत रद्दीच्या गठ्ठ्यात दिसेनासे होतात. हिवाळी पाहुण्या पक्ष्यांसारखीच ही ये-जा. तुमच्या गोष्टीतलं गाव त्यांच्या येण्यावरून ऋतू ओळखू शकेल.

बासनीसाठी मी कागदी पोथी निवडली. साधारण चाळीस सुटी पानं, काळी शाई, हिंगुळाने आखलेले तांबडे समास, वर-खाली फळ्या. कागद दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा, हाताने केलेला, दगडाने घोटून गुळगुळीत केलेला. घोटलेला कागद बोटाखाली थंड लागतो. म्हणून बासनीचं अंग थंड.

दुसरी पायरी: शरीर

इथे कल्पनेला फार ताण द्यायची गरज नाही, कारण निसर्गाने पानं असलेले प्राणी केव्हाच केले आहेत. विंचवाच्या पोटाखाली श्वासाच्या अवयवांच्या चार जोड्या असतात. प्रत्येकात पातळ पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले, आणि त्यांच्या मधल्या फटींतून हवा खेळते. जीवशास्त्रात यांना पुस्तकी फुप्फुसं असंच म्हणतात. बऱ्याच कोळ्यांनाही ती असतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या नालखेकड्याच्या पोटाखाली पुस्तकी कल्ले असतात, पाण्यात पानं उलटावीत तसे ते हलतात. गाय-म्हशीच्या जठराचा तिसरा कप्पा उघडला तर आत पडद्यांवर पडदे, हुबेहूब पानं. अन्न त्यांच्यामध्ये दाबलं जातं आणि त्यातलं पाणी शोषलं जातं.

म्हणजे प्राण्यांच्या जगात पान ही श्वासाची आणि पचनाची जागा आहे. थोड्या जागेत जास्तीत जास्त पृष्ठभाग बसवायचा असेल तर पातळ थर एकावर एक रचावे लागतात. पुस्तकाचीही युक्ती तीच. हे लक्षात आलं की बासनीचा श्वास आपोआप ठरतो. ती पानांच्या मधून श्वास घेते. बांधून ठेवली की श्वास मंद होतो आणि ती झोपते. वर्षानुवर्षं झोपू शकते. सोडली की पानं किंचित फुगतात आणि पहिला सुस्कारा ऐकू येतो.

डोळे देऊ नका. ते दिले की वाचक लगेच चेहरा शोधतो आणि मग पुस्तक दिसेनासं होतं. बासनीला स्पर्श कळतो, तोही सगळीकडे सारखा नाही. आमच्या आजीच्या पोथीच्या प्रत्येक पानाला खालच्या कडेला, मधोमध, दोन तांबूस डाग होते. सुटं आडवं पान दोन्ही अंगठ्यांनी उचलून वर उलटायचं, रोज, वर्षानुवर्षं; त्याचे ते डाग. तिथला कागद बाकीच्यापेक्षा मऊ झाला होता, धुऊन धुऊन विटलेल्या सुती लुगड्यासारखा. बासनीला तिथेच कळतं. नेमके तिथे अंगठे ठेवणाऱ्याला ती ओळखीचा मानते. दुसरीकडे हात लावला तर पानं घट्ट मिटून घेते.

तिसरी पायरी: खाणं

प्राणी काय खातो हे ठरलं की गोष्टीतली निम्मी भांडणं ठरतात. रक्त, आत्मा, आयुष्याची वर्षं ही उत्तरं पहिल्यांदा सुचतात आणि कुठल्याही राक्षसाला चालतात, म्हणून ती पुस्तकाची नाहीत. पुस्तकाला खरोखर काय लागतं ते बघा. कागद अगदी कोरडा पडला की तुटतो, फार ओल लागली की बुरशी धरते. त्याला बेताचा ओलावा हवा.

तेव्हा बासनी वाचणाऱ्याच्या श्वासातला ओलावा खाते. कुणीतरी जवळ बसून मोठ्याने वाचलं पाहिजे. मनातल्या मनात वाचून तिचं पोट भरत नाही. पूर्वी पोथी वाचायची ती मोठ्यानेच, चार माणसं ऐकायला बसवून, श्रावणात किंवा सात दिवसांचं पारायण लावून. बासनीचं वर्षभराचं जेवण त्या दिवसांत होतं. आणि मोठ्याने वाचायला कुणी उरलं नाही, की ती उपाशी राहते.

खाण्यात धोकाही असला पाहिजे. जो ओलावा तिला जगवतो तोच जास्त झाला तर मारतो. बोटाला थुंकी लावून पान उलटणारा वाचक तिला प्रेमाने आजारी पाडतो. कोकणातल्या पावसात तिची पानं एकमेकांना चिकटतात आणि ती दोन वाक्यं एकात मिसळून बोलू लागते. या एका नियमातून किती प्रसंग निघतात ते मोजा: दुष्काळी गावातली बासनी, रडणारी वाचक, पूर आलेलं घर.

तुमच्या प्राण्यासाठीही असाच दुधारी पदार्थ शोधा. कमी पडला तर मरेल, जास्त झाला तर मरेल आणि तो मिळवायला माणूस लागेल.

चौथी पायरी: शत्रू आणि शेजारी

वाळवी ही पुस्तकाची महामारी. ती भिंतीतून मातीचे बोगदे बांधत येते आणि बाहेरून धड दिसणारी वस्तू आतून पोकळ करते. कसर एकेकटी येते, चांदीसारखी चकचकीत, पान उघडताच पळणारी. ती खळ आणि कागदाचा वरचा थर खरवडून खाते. यांना लढाईतल्या सैन्यासारखं रंगवू नका. वाळवी लागलेली बासनी बोलता बोलता मधले शब्द गाळू लागते आणि तिला स्वतःला ते कळत नाही, एवढं पुरेसं भयंकर आहे.

मित्रही ठेवा. जुन्या पुस्तकांत पुस्तकी विंचू नावाचा जीव राहतो: काही मिलिमीटरचा, विंचवासारखे पुढचे चिमटे असलेला, पण डंख मारणारी शेपूट नसलेला. तो पुस्तकांतल्या बारीक उवा आणि माइट नावाचे सूक्ष्म किडे खातो, कागदाला हात लावत नाही. पोर्तुगालमध्ये कोइंब्रा विद्यापीठाच्या जुआनिना ग्रंथालयात वटवाघळं राहतात. रात्री ती पुस्तकं खाणारे किडे टिपतात, आणि त्यांची विष्ठा पडू नये म्हणून तिथल्या जुन्या टेबलांवर संध्याकाळी चामडी आवरणं घालतात. पोर्तुगालमधल्याच माफ्रा राजवाड्याच्या ग्रंथालयातही वटवाघळं आहेत. ग्रंथालय ही एक परिसंस्था आहे हे या दोन इमारतींनी जपून ठेवलंय. तुमच्या गोष्टीतल्या वाड्यातही माळ्यावरच्या वटवाघळांना कुणी हाकलून लावलं, तर बासनी आजारी पडायला काही महिनेच लागतील.

मग माणसाच्या हातची औषधं: बासनात ठेवलेली वेखंडाची कांडी, कडुनिंबाचा वाळका पाला, पावसाळा सरल्यावर ऊन दाखवणं. बासनीला वेखंडाचा वास घराचा वास वाटतो.

पाचवी पायरी: पिल्लं

ही पायरी मला सगळ्यात प्रिय आहे, आणि बहुतेक जण ती टाळतात. पुस्तकाला पिल्लू कसं होतं? नक्कल करून. कुणीतरी मांडी घालून, मान वाकवून, एकेक अक्षर उतरवतो. लेखकूंच्या आणखी एका प्रसिद्ध श्लोकात पाठ, कंबर आणि मान मोडल्याची तक्रार आहे. ‘कष्टाने लिहिलंय, जतन करा’ असं तो विनवतो. म्हणजे या प्राण्याच्या बाळंतवेणा माणसाला सोसाव्या लागतात. बासनीला वंश हवा असेल तर तिला एखादा माणूस आपलासा करावा लागेल, महिनोन्‌महिने त्याच्याजवळ बसावं लागेल.

नक्कल करताना चुका होतात. ओळ गळते, एखादा शब्द नजरचुकीने बदलतो, समासातली टीप पुढचा लेखकू मूळ मजकुरात घेतो. हे पाठभेद. पुढच्या नकलांत ते उतरत जातात, त्यामुळे कोणती पोथी कोणत्या घराण्यातली हे चुकांवरून ओळखता येतं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पूर्ण झाली. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं धुंडाळली. एवढ्या पोथ्यांचं गोत्र लावायचं म्हणजे वंशवृक्षच उभा करायचा.

आपल्या प्राण्याला हे जसंच्या तसं द्या. बासनीची मुलगी आईसारखीच असते, फक्त सतराव्या पानावर एक शब्द वेगळा. त्या एका शब्दामुळे तिचा स्वभाव वेगळा. ‘न’ गळालेल्या जागी आई जे करू नको म्हणायची, ते लेक कर म्हणते. दोन बासन्या भेटल्या की आधी एकमेकींच्या चुका हुंगतात. चूक जुळली तर नातलग. आणि एखादी म्हातारी, सर्वांत जुना पाठ जवळ असलेली, सगळ्या लेकींना अशुद्ध म्हणत एकटी राहते. हा एकच धागा धरून अख्खी कादंबरी विणता येईल.

शाळेत आपण मोरपीस वहीत ठेवून त्याला पिल्लू होण्याची वाट पाहायचो. ‘विद्या’ म्हणून मोरपंखीच्या हिरव्या झाडाची फांदी आणि जाळी पडलेलं पिंपळपानही ठेवायचो. पुस्तकाच्या पानांत ठेवलं की काहीतरी वाढतं, ही समजूत मराठी मुलांना कुणी शिकवावी लागत नाही. लहान वाचकांसाठी लिहित असाल तर सुरुवात तिथूनच करा.

सहावी पायरी: बोलणं

नियम एकच ठेवा आणि कडक पाळा: प्राण्याला फक्त स्वतःच्या पानांवरचे शब्द बोलता येतात. मग काम सोपं होत नाही, पण खरं होतं. एका कागदावर प्राण्याच्या पानांवर असणारे पन्नास शब्द लिहून काढा, आणि त्याचे सगळे संवाद त्यातूनच करा.

उदाहरण म्हणून किराणा दुकानाची जुनी चोपडी घ्या. तिच्याजवळ जमा, खर्च, येणे, बाकी, गूळ, तेल, आषाढ, रोज, मिळाले एवढंच. दुकान चालवणारी आई गेली आहे आणि मुलगी चोपडीजवळ येऊन बसते.

‘आई तुझ्याजवळ बसायची ना गं?’

पानं सरकतात. ‘रोज. जमा.’

‘काही म्हणाली होती का, शेवटी?’

बराच वेळ काही नाही. मग, ‘आषाढ. गूळ. मिळाले.’

‘आणि आता?’

‘येणे बाकी.’

चोपडीला दुःख हा शब्द ठाऊक नाही म्हणूनच ते कळतं. तिला एखादं शहाणं वाक्य दिलं असतं तर हा प्रसंग गेला असता.

लिपीचाही विचार करा. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात, मग हात शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात. मोडीतला प्राणी म्हणूनच सलग, भराभर, श्वास न घेता बोलेल आणि सगळ्यांना समजणार नाही. देवनागरी पोथीतला एकेक अक्षर सुटं करून. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, त्यातली सकळ लिपी विशेष प्रसिद्ध. तसा प्राणी किल्ली असलेल्याशीच बोलेल, बाकीच्यांना नुसती सळसळ ऐकू येईल.

सातवी पायरी: स्वभाव भाषेतून घ्या

मराठीत पुस्तकाचे वाक्प्रचार भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच वाक्प्रचारांमागे खरी कृती आहे. पोथीतलं चुकलेलं अक्षर झाकायला त्यावर हरताळाचा पिवळा लेप द्यायचे. ‘हरताळ फासणे’ तिथून आलं. हरताळ विषारी असतो. म्हणून बासनीच्या अंगावरचे पिवळे ठिपके म्हणजे विसरायला लावलेल्या गोष्टी, आणि ते ठिपके चाटणारा जीव मरतो. ‘बासनात गुंडाळणे’ म्हणजे प्रकरण कायमचं बाजूला ठेवणं. तिच्यासाठी ती शिक्षाही आहे आणि झोपही. ‘श्रीगणेशा’ तिच्या पहिल्या पानावर आहे. ते पान हरवलेली बासनी कोणतीही गोष्ट सुरू करू शकत नाही, कुणीतरी विषय काढावा लागतो. शेवटचं पान हरवलं तर आणखी वाईट. लेखकूचं नाव, गाव आणि शक तिथेच लिहिलेला असतो, त्यामुळे ज्या पोथीचं शेवटचं पान नाही तिचं वय ठरवणं अभ्यासकांना अवघड जातं. तशी बासनी स्वतःचं वय विचारत हिंडते.

सणही द्या. दसऱ्याला पाटी-पुस्तकांची पूजा होते, लक्ष्मीपूजनाला नव्या चोपड्या मांडतात. चोपडीचा प्राणी त्या रात्री कात टाकेल. सटवाईसाठी बाळाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, तिथे बासनी चुकूनही जाणार नाही. कोऱ्या कागदावर कुणाचा हक्क आहे हे तिला माहीत असतं.

यातलं सगळं गोष्टीत येऊ देऊ नका. तुम्हाला दहा गोष्टी ठाऊक असाव्यात आणि पानावर तीन दिसाव्यात.

आठवी पायरी: पहिलं दृश्य लिहा आणि तपासा

माहिती सांगू नका, एका माणसाच्या हातून प्राणी उघडा. माझा मसुदा असा आहे:

‘भाद्रपदातलं ऊन पडलं तशी सुमनने माळ्यावरून गाठोडं उतरवलं. गाठ सुटेना. दाताने सोडवली तेव्हा वेखंडाचा वास आला आणि फळीखाली काहीतरी फुगलं, पुन्हा बसलं. तिने फळी उचलली. वरच्या पानाने कडा आखडून घेतल्या. सुमनला आजीचे हात आठवले, दोन्ही अंगठे मधोमध, पोळी उलटताना धरावेत तसे. तिने तसेच ठेवले. पान गार होतं. मग एकाखालून एक सगळी पानं सैलावली, आणि अकराव्या की बाराव्या पानातून, कोरड्या पाचोळ्यावरून सरडा जावा तशा आवाजात शब्द आला: वाच.’

आता तपासणी. हे दृश्य चित्र काढणाऱ्या कुणाला तरी, शक्यतो दहा-बारा वर्षांच्या मुलाला, वाचून दाखवा आणि काही न सुचवता प्राण्याचं चित्र काढायला सांगा. चित्रात पानं सुटी आहेत का बघा. अंगठ्यांची जागा दाखवलीय का बघा. तो कुठून श्वास घेतो हे विचारा. चित्रात डोळे आले असतील तर दुसऱ्या पायरीवर परत जा आणि दृश्य नव्याने लिहा.